कलकत्त्याला गेलेली ओटी

बाई, तुझी तेरवी परवा झाली. पाहुणे गेले, शेजाऱ्यांकडून आणलेली गंजं-पराती घासूनपुसून ज्याची त्याला परत केली, आणि आज सकाळच्या गाडीनं यमूही सासरी गेली. लेकीला गोंदियाच्या स्टेशनावर सोडून मी गावी, मुर्रीला परत आलो तर घरात बोलायला कोणी नाही. खुंटीवरचं तुझं सूप तेवढं समोर दिसत राहिलं. तुझी भावजय म्हणाली, जेवून घ्या. मी म्हणालो, आधी बाईशी बोलून घेतो. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गुपचूप टाक-दौत आणून दिली.

तोंडानं बोलायचं असतं तर तुझ्याशी मी आपल्या झाडीबोलीतच बोललो असतो. पण टाक हातात धरला की मास्तरांची छडी आठवते आणि भाषा आपोआप सरळ होऊन बसते. हसू नको. मला शाळेत तूच घातलं होतंस.

आठ वर्षं एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवली. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळी होऊ दे, धान घरात येऊ दे, असं करत राहिलो आणि तू तीन दिवसांच्या तापात निघूनही गेलीस. ही काय रीत झाली बाई? भाऊ थोडा मठ्ठ आहे हे तुला लहानपणापासून माहीत होतं. जरा वाट पाहायची होती. म्हणजे, तू वाट पाहिली नाहीस असं नाही. ते मला काल कळलं.

पण आधी समुद्राचं, कारण आपलं सगळ्यात जुनं भांडण ते. तुझं म्हणणं, समुद्र गोडच असला पाहिजे. "एवढ्या नद्या गोड पानी घेऊन जातेत, अन् तो खारा कसा राहीन गा? आपली वैनगंगा का मीठ घेऊन जाते?" मी भूगोलाचं पुस्तक उघडून दाखवायचो. तू म्हणायचीस, "लिवणाऱ्यानं चाखला काय?" मला राग यायचा. आपल्या दोघांपैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता, पण कोणी मागं हटायचं नाही. शेवटी ठरलं, की आपल्यातला जो आधी जाईल त्यानं बोट बुडवून चाखायचं आणि खरं सांगायचं.

समुद्राची गोष्ट निघायची ती लाखेमुळं. केशोरीला तुझं सासर. तिथल्या रानात कुसुमाच्या नि पळसाच्या फांद्यांवर लाख धरते, ती तू लग्न होऊन गेलीस तेव्हा पहिल्यांदा पाहिलीस. दोन वर्षांत भाऊजी वारले आणि तू सोळाव्या वर्षी एक पेटी घेऊन माहेरी परत आलीस. आईबाप लवकर गेले, मी सात वर्षांचा, आणि तू स्टेशनाजवळच्या सेठच्या लाखेच्या कारखान्यात जायला लागलीस. आधी टाक्यात. टाक्यातली लाख बाया पायानं तुडवून धुतात, पाणी लालभडक होतं. त्या पाण्यानं तुझ्या टाचा कायमच्या लाल झाल्या. गल्लीतल्या बाया कुजबुजायच्या, पांढऱ्या कपाळाची बाई अन् पायाले आळता! तू मला म्हणालीस, "धुतलं तं जाते काय पाहून घे." मी नारळाच्या शेंडीनं घासून पाहिलं. गेला नाही.

मग तू पाखडायला बसलीस आणि तुझ्यासारखं सूप त्या कारखान्यात कोणाचं चाललं नाही. डोळे मिटून नुसता वास घेऊन सांगायचीस, ही कुसुमाची, ही पळसाची. मी सातवी पास होऊन त्याच सेठच्या गादीवर लिहायला लागलो तेव्हा मला वाटायचं तू थापा मारतेस. तीन पुड्या बांधून तुझी परीक्षा घेतली. तिन्ही बरोबर सांगितल्यास आणि वर म्हणालीस, "अजून बांध ना सायेब." तेव्हापासून मी तुझा सायेब.

सेठला तुझी पारख माझ्याही आधी पटली होती. दर खेपेला कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला आधी नमुना जायचा. धुतलेली दाणेदार लाख, मांजरपाटाच्या वीतभर पिशवीत. नमुना पसंत पडला तर माल. ते नमुने निवडायचं काम तुझ्याकडं. पिशव्याही तूच शिवायचीस, आतून उलटी शिवण घालून, आणि तोंड बांधायचीस ती तुझी गाठ, एका ओढीत सुटणारी. मी चिठ्ठी लावायचो आणि पार्सल करायचो. दर वेळी तुझा तोच प्रश्न. "हे सारं जाते कुठं गा?"

"कलकत्त्याले."

"कलकत्त्यात कुठं?"

"एक मोठी कोठी आहे. तिथून जहाजात."

"अन् आपली पुडकी कोन उघडते?"

मला काय माहीत! मी म्हणायचो, असेल कोणी. तुला ते पुरायचं नाही. लेक कुठल्या घरी दिली हे विचारावं तसं तू त्या कोठीबद्दल विचारायचीस.

आता यमूचं लग्न. हे मला लिहायचं नव्हतं, पण याच्याशिवाय पुढचं कळत नाही. यमू तुझ्या मांडीवर वाढली. तिला पहिला घास तू भरवलास, तिच्या उवा तू काढल्यास, तिच्या लग्नाचे तांदूळ तूच निवडलेस, एकेक दाणा पाहून. निघायची वेळ झाली, ओटी भरायला सवाशिणी गोळा झाल्या. तू सुपात तांदूळ आणि हळद घेऊन कोठीच्या खोलीच्या दारापर्यंत आलीस आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिलीस. कोणीतरी पुढं होऊन तुझ्या हातातलं सूप घेतलं आणि म्हणालं, "बाई, तू मांगं राहा." वाईट बोललं नाही कोणी. रीतच ती. पाचजणींनी ओटी भरली. ज्यांनी यमूला कधी कडेवरही घेतलं नव्हतं अशाही होत्या त्यात. मी तिथंच होतो. फेटा बांधून उभा. माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी व्याह्यांना पान-सुपारी देत राहिलो.

यमू रडत सगळ्यांच्या पाया पडली, तुझ्या गळ्यात पडली. तू तिला म्हणालीस, "जाय माय, गाडी सुटंल." संध्याकाळी तू सुपातले उरलेले तांदूळ डब्यात भरताना मी पाहिलं. तुझ्याशी काही बोलावं असं वाटलं. मांडवाचा हिशोब करायला बाहेर निघून गेलो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी कलकत्त्याहून तक्रारीचं पत्र आलं. गोंदियाच्या नमुन्यात धान्याचे दाणे निघतात, माल साफ नाही. सेठ भडकला. "हमारे माल में चावल? यह क्या किराने की दुकान है?" नमुन्याचं पार्सल माझ्या हातचं, म्हणून मलाच फर्मान निघालं, की जा, कोठीत उभा राहा, माल दाखव आणि नाव राखून ये. नाही तर गादीवर परत येऊ नको. घरी येऊन सांगितलं तर तू म्हणालीस, "जाऊन राहिला तं कोठी नीट पाहून येजो. कोन उघडते तेबी पाहजो. अन् समुद्र चाखजो." माझी नोकरी चालली होती आणि तुला समुद्राची पडली होती!

नवा काळा कोट शिवला आणि गेलो. आल्यावर तुला मी काय सांगितलं? ट्राम पाहिली, गर्दी फार, मासळीचा वास येतो. एवढंच. आता सगळं सांगतो, ऐक.

हावड्याला उतरून पूल ओलांडला की बंदराच्या काठची जुनी पेठ लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कोठ्याच कोठ्या. आपली कोठी कंपनी सरकारच्या वेळची, लाल विटांची, तीन मजली, पुढं कमानी. खाली चहाच्या पेट्या, तागाचे गठ्ठे आणि लाखेची पोती. दारात पाऊल टाकलं आणि बाई, कारखान्याचाच वास! तोच, तुझ्या लुगड्याला यायचा तो. एवढ्या परक्या गावात मला एकदम घरी आल्यासारखं झालं आणि मी काय केलं असेल? जिन्यापाशी जोडे काढून ठेवले. देवळात काढतो तसे. दरवान पोट धरून हसला. पण काढले ते काढले, तसाच अनवाणी वर गेलो. जिना सागवानी, शंभर वर्षांच्या पावलांनी प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली. बाजूला साहेबांसाठी लोखंडी जाळीचा पाळणा वर-खाली जात होता. आपल्यासारख्यांनी जिनाच चढायचा.

तिसऱ्या मजल्यावर नमुन्यांची खोली. खोली कसली, आपल्या कारखान्याचं अख्खं अंगण बसेल एवढी. सगळ्या खिडक्या उत्तरेकडं, पुरुषभर उंचीच्या, कारण लाखेचा खरा रंग उत्तरेच्याच उजेडात दिसतो म्हणे. तू नमुने निवडायला उत्तरेच्या पडवीत बसायचीस ना? तुला कोणी शिकवलं होतं? लांबच लांब टेबलं, त्यांवर निळ्या कागदाच्या ताटल्या, आणि ताटल्यांत देशोदेशीची लाख. मिर्झापूरची, रांचीची, ब्रह्मदेशची. मी एकेक पाहत गेलो आणि एका ताटलीपाशी थांबलो. चिठ्ठी वाचायची गरज पडली नाही. असं पाखडलेलं दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

एका तरुण साहेबानं मला पत्र दाखवलं, दोन शब्द सुनावले आणि एका म्हाताऱ्या बंगाली बाबूंच्या हवाली करून तो पाळण्यातून खाली गेला. बाबू साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आधी माझ्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग मला कोपऱ्यातल्या आपल्या टेबलाशी नेलं, खण उघडला आणि तंबाखूची पत्र्याची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. डबीत हळद लावलेले तांदूळ.

"आपका गोंदिया का हर थैली में पाँच दाना," ते म्हणाले. "चार नहीं, छे नहीं. दो बरस से. कौन देता है?"

बाई, मी त्या दाण्यांकडं पाहत राहिलो. ते यमूच्या ओटीचे तांदूळ होते. म्हणजे तेच दाणे नव्हेत, पण तेच. पेठेत शंभर प्रकारची हळद मिळत असेल, मी तुझी ओळखली. तुला लेकीची ओटी भरू दिली नाही, तर तू लाखेची भरलीस. ती पण सासरीच जात होती ना.

बाबूच बोलत होते. "बेटी बिदा होता है, तब देता है ना? हमारा इधर भी देता है, धान और दूब." दूब म्हणजे आपल्या दूर्वा. थैल्या ते स्वतःच उघडायचे. पाच दाणे वेचून बाजूला काढायचे आणि मगच लाख ताटलीत ओतायची, त्यामुळं कोणाला पत्ता नव्हता. त्या हिवाळ्यात दोन महिने ते आजारी होते, नव्या माणसानं थैली उघडली आणि कचरा म्हणून वर कळवलं. "हम आ गया है. अब कोई कम्पलेन नहीं होगा. उनको बोलो, देता रहे." ऐकलंस? देत राहा म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं माल साफ असल्याचा शेरा लिहून माझ्या हाती दिला. नोकरी वाचली होती. तुझे दाणे बंद करायची काहीच गरज नव्हती.

दुपारी त्यांनी मला कोठीच्या मागल्या बोळातून घाटावर नेलं. समोर पाणीच पाणी, त्यात तीन-तीन मजली जहाजं उभी. मी म्हणालो, समुद्र? ते हसले. "समुद्र दूर है. ये गंगा है." आणि डबी उघडून त्यांनी ते सगळे दाणे पाण्यात सोडले. नेहमी असंच करायचे, डबी भरली की. तुझी ओटी गंगेत जात होती, बाई. दोन वर्षं. मी पायऱ्या उतरून बोट बुडवलं आणि चाखलं.

गोड होतं.

जहाजं ज्या पाण्यात उभी राहतात ते पाणी गोड होतं. तू अर्धं भांडण जिंकली होतीस, आणि मी तुला हेही सांगितलं नाही.

घाटावरच्या दुकानातून बाबूंनी शंखाचं एक काकण घेतलं. पांढरंशुभ्र, बोटाएवढं जाड. तिकडं सवाशिणी घालतात. तुझीच एक रिकामी पिशवी खिशातून काढून त्यात ते घातलं आणि मला दिलं. "भरा हुआ थैली आया, खाली कैसे भेजेगा? उस लक्ष्मी को देना." आता सांग, मी काय बोलायला हवं होतं? ती विधवा आहे, असं? मान डोलावली, पाया पडलो आणि निघालो.

परतीच्या गाडीत माझं डोकं फिरलं. आधी रडू आलं, ते खरं. पण बिलासपूर येईपर्यंत राग चढला होता. हिच्यापायी नोकरी जात होती! बाबू आजचे आहेत, उद्या नाहीत. पुन्हा नवा माणूस आला तर? आणि हे काकण देऊ कसं? दिलं तर सांगावं लागणार, की त्यांना तू सवाशीण वाटलीस. तुझ्या हातात ते चढणार नाही आणि समोर ठेवून रोज सलत राहील. मग ओटीचं निघणार, लग्नाचं निघणार, आणि मी तिथं फेटा बांधून उभा होतो हे निघणार. खरं कारण हे शेवटचं. बाकीची मी गाडीत बसून जमवली.

घरी आलो. तू पाय धुवायला पाणी दिलंस आणि मी तिथंच तुझ्यावर तोफ डागली.

"नमुन्यात तांदूळ कायले टाकत होती? अक्कल आहे का नाई? कचरा म्हून लिवून आला तिकडून, कचरा!"

"कचरा?" तू म्हणालीस.

"मंग का? नोकरी जात होती माही!"

तू माझ्या हातातला तांब्या घेतलास. तो जागेवर ठेवून विचारलंस, "पुडकी कोन उघडते गा?"

"कोनी नाई. मशीन उघडते."

एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. तू "बरं" म्हणालीस. पुढच्या पार्सलाला मी तुझ्यादेखत पिशवी उलटी करून तपासली. एकही दाणा नव्हता. तपासायला नको होतं.

काकण त्या पिशवीतच राहिलं. पिशवी कोटाच्या आतल्या खिशात आणि कोट माझ्या पेटीच्या तळाशी. आपल्या उन्हाळ्यात तो कोट घालतो कोण! दर दिवाळीनंतर नवं धान घरात आलं की तू सगळ्यांच्या पेट्या उन्हात रिकाम्या करायचीस, कपडे झटकायचीस, निंबाचा ताजा पाला घालून पुन्हा भरायचीस. हे मी आठ वर्षं पाहत होतो आणि माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही, की झटकणाऱ्या हाताला खिशातलं काही लागेल. सांगितलं ना, मठ्ठ आहे.

तीन वर्षांमागं बंगालात दुष्काळ पडला. गादीवर बातम्या यायच्या, कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं तांदळाच्या पेजेसाठी मरून राहिलीत. मी घरी सांगितलं. तू चुलीपुढं होतीस. भाकर तव्यावरच राहिली तुझी. म्हणालीस, "आपला नमुना पाहते त्या बिचाऱ्याकडे तरी असतीन काय गा तांदूळ?" मी म्हणालो, साहेबांच्या कोठीतली माणसं उपाशी मरत नाहीत. भाकर करपली म्हणून तुझ्यावर डाफरलोही. मशीनला तांदूळ कशाला लागतात, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

काल ते कळलं. यमूला द्यायची शाल काढायला मी पेटी उघडली. वरचा पाला अजून पुरता वाळलेला नव्हता, या दिवाळीचा, तुझ्या हातचा. कोट उचलला, खिसा चाचपला. पिशवी होती. पण मी तिचं तोंड सुतळीनं जसंतसं आवळलं होतं, आणि आता तिच्यावर तुझी गाठ होती. एका ओढीत सुटणारी.

मी पेटीपाशी खालीच बसलो. बाई, तुला सगळं कळलं होतं. पिशवी तुझ्या शिवणीची. ती कलकत्त्याला गेली होती, आणि भरून परत आली होती. त्याचा अर्थ कळायला तुला वाचता यायची काय गरज? तिकडं कोणीतरी हातानं उघडतं, ओटी ओळखतं आणि पिशवी रिकामी परत पाठवत नाही, हे तुला पहिल्या दिवाळीलाच कळलं. आणि तू गाठ मारून पिशवी जागच्या जागी ठेवून दिलीस. भावाला सांगायचं आहे ना, सांगेल तो, म्हणून.

गाठ सोडून पिशवी पालथी केली. काकण पडलं आणि त्याच्याबरोबर तांदूळ. काही दाणे किड्यांनी पोखरलेले, काही काळे पडलेले, काही फिके, आणि थोडे अगदी पिवळेधमक. मी जमिनीवर मांडून मोजले. चाळीस. दर वर्षीच्या नव्या धानाचे पाच. आठ वेळा तू पेटी उघडलीस, पाच दाणे टाकलेस, पेटी लावलीस आणि माझ्यासमोर जेवायला ताट वाढलंस. एक शब्द नाही. भांडायचं होतंस, पिशवी माझ्या तोंडावर फेकायची होतीस! समुद्रावरून महिनाभर भांडत होतीस आणि यावर बोलली नाहीस. हा राग माझा अजून गेलेला नाही, सांगून ठेवतो. त्यातला किती तुझ्यावर आणि किती माझ्यावर, ते विचारू नको.

आज सकाळी यमू निघाली. तुझ्या भावजयीनं तिची ओटी भरली, शेजारच्या दोघीतिघींनी भरली. यमू पदर खोचायला लागली तर मी म्हणालो, "थांब. तुह्या आत्याची राहिली." आणि पिशवी घेऊन पुढं झालो. शेजारची म्हातारी ओरडलीच, "अजी, पुरुष मानूस ओटी भरते काय कुठं!"

"मी कुठं भरून राहिलो?" मी म्हणालो. "बाई भरून राहिली. मी नुसता हात."

दाणे ओंजळीत घेतले, फटींतून सांडतील अशी भीती वाटत होती. तेव्हा तुझी भावजय पुढं आली. लग्नात हीच त्या बायांच्या पुढं उभी होती, तुला आठवत असेल. तिनं यमूचा पदर दोन्ही हातांनी धरून माझ्या हाताखाली पसरला. काळे, पोखरलेले, पिवळे, जसे होते तसे दाणे मी घातले. यमूनं विचारलं, "बाबा, हे असे कायचे तांदूळ?" मी म्हणालो, गाडीत बसल्यावर सांगतो. आणि या वेळी सांगितलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहून सगळं सांगितलं. ती रडली, आणि मग डोळे पुसून तिनं काय विचारलं माहीत आहे? "मंग समुद्र खारा का गोड?" तुझीच पोरगी.

काकण तिला दिलं नाही. ते तुझं आहे. तुझ्या सुपाच्या खुंटीला अडकवलं आहे. कोणी विचारलं तर सांगणार आहे, माझ्या बहिणीला कलकत्त्याहून आलं.

आणि दाणे मी यमूला पस्तीसच दिले. पाच ठेवले, या वर्षीचे. उद्या नमुन्यांचं पार्सल जायचं आहे. पिशवी तुझीच, तू शिवून ठेवलेल्यांतली; लाखेबरोबर हे पाच तिच्यात जातील. बाबू आता असतील का, दुष्काळातून वाचले असतील का, ठाऊक नाही. उघडणारा कोणी नवा असला तर कचरा म्हणून फेकून देईल, वर तक्रारही लिहील. लिहू दे. तू टाकायचीस तेव्हा तुला तरी कुठं माहीत होतं, पलीकडं कोण आहे ते?